टिंब की अर्धविराम? उंदरांच्या स्ट्रेनबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय कॅन्सर. गाईडनी सांगितलंय पी५३ नॉकआऊट उंदीर, म्हणजे पी५३ हा जीन बंद पाडलेले उंदीर, कुठे मिळतात ते शोध. दोन दिवस पेपर चाळतेय पण जिथे तिथे "अमुक लॅबकडून मिळाले" एवढंच लिहिलेलं. सगळे स्ट्रेन, म्हणजे उंदरांचे वाण, एकाच जागी दिसतील असं काही आहे का?

उत्तर : आहे गं, आणि ते पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं तुला. आयएमएसआर म्हणजे इंटरनॅशनल माऊस स्ट्रेन रिसोर्स उघड. अमेरिकेतली जॅक्सन लॅब, एमएमआरआरसी, युरोपातलं एम्मा, जपानचं रायकेन अशा बऱ्याच रिपॉझिटरी, म्हणजे स्ट्रेन सांभाळून ठेवणाऱ्या संस्था, आपापल्या स्ट्रेनची यादी तिथे देतात. तिथे उंदीर विकत मिळत नाहीत हं, कुणाकडे काय आहे ते कळतं, ऑर्डर त्या रिपॉझिटरीकडेच द्यायची.

शोधताना जीनचं उंदरातलं अधिकृत नाव टाक. माणसात टीपी५३, उंदरात टीआरपी५३, आणि पी५३ हे आपलं बोलायचं नाव. मग रिझल्टमध्ये लांबलचक नावं येतील, ती बघून घाबरू नकोस, एक सोडवून दाखवते. बी६.१२९एस२-टीआरपी५३टीएम१टीवायजे/जे. बी६ म्हणजे ब्लॅक सिक्स या लॅबमधल्या नेहमीच्या काळ्या उंदराचं बॅकग्राऊंड, म्हणजे बाकीचे जीन त्याचे, १२९एस२ म्हणजे बदल मुळात ज्या स्ट्रेनमध्ये केला तो, टीएम१ म्हणजे टार्गेटेड म्युटेशन, पहिलं, टीवायजे हा टायलर जॅक्स यांच्या लॅबचा कोड आणि शेवटचा जे म्हणजे जॅक्सन लॅब, स्ट्रेन सांभाळणारे ते. क्रिस्परने, म्हणजे जीन कापून बदलायच्या तंत्राने, केलेला बदल असेल तर टीएमच्या जागी ईएम दिसेल.

आता बी६ नंतरचं ते टिंब बघ. टिंब असेल तर स्ट्रेन काँजेनिक, म्हणजे पिढ्यान् पिढ्या ब्लॅक सिक्सशी बॅकक्रॉस केलेला (दर पिढीला परत ब्लॅक सिक्सशीच जुळवलेला), पूर्ण काँजेनिकला साधारण १० पिढ्या धरतात. तिथे अर्धविराम असेल तर बॅकग्राऊंड मिश्र, प्रत्येक पिल्लू थोडं वेगळं निघणार आणि तुझा रिझल्ट जीनमुळे आला की बॅकग्राऊंडमुळे हे सांगता येणार नाही. एवढ्याशा खुणेवर अख्खा प्रयोग अवलंबून असतो म्हणून झूम करून बघ.

स्ट्रेन सापडला की लगेच ऑर्डर नको, आधी एमजीआयवर, म्हणजे माऊस जीनोम इन्फॉर्मॅटिक्सवर, त्या अॅलीलचं, म्हणजे जीनच्या त्या बदललेल्या रूपाचं, पान वाच. या जीनच्या दोन्ही कॉपी नसलेल्या बहुतेक उंदरांना सहा महिन्यांच्या आत ट्यूमर होतात, जास्त करून लिम्फोमा. म्हणजे वर्षभराचा प्रयोग आखलास तर उंदीरच उरणार नाहीत.

प्रश्न : मला हवा तो स्ट्रेन सापडला, पण त्याच्यासमोर लाईव्ह नाही, स्पर्म लिहिलंय. म्हणजे किती थांबावं लागेल?

उत्तर : महिने धरा, आठवडे नाही. स्पर्म म्हणजे फ्रीझ केलेले शुक्राणू, उंदीर कुठेच चालत-फिरत नाहीयेत. रिपॉझिटरी ते वितळवून साध्या मादीच्या अंड्यांबरोबर आयव्हीएफ करते, भ्रूण दुसऱ्या मादीत ठेवते, साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं होतात. अंडी साधी असल्यामुळे या पिल्लांकडे बदललेली कॉपी फार तर एकच, म्हणजे ती हेटरोझायगस. ती मोठी व्हायला सहा ते आठ आठवडे, मग त्यांचं आपसात क्रॉस, परत तीन आठवडे, आणि तेव्हा कुठे चारात एक नॉकआऊट, तेही तो जगत असेल तर. आयएमपीसी या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०१६ मध्ये १,७५१ जीनचे नॉकआऊट तपासले होते, त्यातले ४१० जन्मापर्यंत किंवा दूध सुटेपर्यंत जगलेच नाहीत. तुमचा जीन त्यात नाही ना हे आयएमपीसीच्या साईटवर आधी बघून घ्या.

प्रश्न : नॉकआऊट आले, कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, कुठलाही ब्लॅक सिक्स चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, कृपा करून असं करू नका. ही चूक मी स्वतः केलीय, नॉकआऊट ब्लॅक सिक्सच्या ६एन शाखेवरचे होते आणि कंट्रोल मी ६जे शाखेचे मागवले, ग्लुकोज टॉलरन्समध्ये, म्हणजे शरीर साखर कशी हाताळतं त्या चाचणीत, मस्त फरक दिसला, आम्ही सगळे खूश, आणि आठ महिन्यांनी कळलं की तो फरक आमच्या जीनचा नव्हताच. १९५१ मध्ये ब्लॅक सिक्सची एक शाखा एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे गेली, ती एन, जॅक्सनकडची ती जे, तेव्हापासून दोन्ही वेगळ्या वाढल्या. जे मध्ये एनएनटी नावाचा जीन तुटलेला आहे आणि त्याचा इन्सुलिनवर परिणाम होतो. एन मध्ये आरडी८ म्युटेशन आहे, त्याने रेटिना बिघडतो, डोळ्यांवर काम करणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. सगळ्यात चांगला कंट्रोल म्हणजे त्याच लिटरमधलं, म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांमधलं, साधं भावंड.

प्रश्न : आमच्या लॅबने स्वतः एक स्ट्रेन बनवलाय, बनवणारा पोस्टडॉक आता चाललाय. ब्रीडिंग बंद करायचं का?

उत्तर : तो जायच्या आधी स्पर्म फ्रीझ करा आणि रिपॉझिटरीला द्या. लॅब कोड नसेल तर काढून घ्या आणि एमजीआयकडून अधिकृत नाव घ्या, म्हणजे आयएमएसआरमध्ये तो सापडेल, नाहीतर दुसरी लॅब तोच स्ट्रेन पहिल्यापासून बनवत बसेल आणि तितके उंदीर विनाकारण जातील. सोबत जीनोटायपिंगचे, म्हणजे कुठल्या पिल्लात बदल आहे ते तपासायचे, प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) आणि प्रोटोकॉल पण द्या, हे नेहमी राहून जातं आणि मग मागवणाऱ्याला पिल्लं मिळूनही त्यातलं नॉकआऊट कुठलं ते ओळखता येत नाही.