दोन वर्षं टंचाईच्या भागात काम केलं की कर्ज फिटतं का? ऐरोलीच्या डॉक्टरांना उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नेरूळला बीडीएस केलंत. आता अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगला (परदेशी दंतवैद्यांना मधल्या वर्षात मिळणारा प्रवेश) जाऊन डीडीएस, म्हणजे तिकडची दंतवैद्यकाची पदवी, करायची आहे आणि त्यासाठी वडिलांचा ऐरोलीचा फ्लॅट तारण ठेवून दीड कोटीचं कर्ज काढायचं चाललं आहे. ठाण्यातल्या एका कन्सल्टंटने सांगितलं की शिकून झाल्यावर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात दोन वर्षं काम केलं की ते कर्ज तिकडचं सरकार भरतं. यजमान एमबीबीएस आहेत, तिकडच्या रेसिडेन्सीसाठी (हॉस्पिटलातलं पगारी प्रशिक्षण) परीक्षा देतायत; त्यांनाही हेच सांगितलं गेलं.

योजना खरी आहे. पण तुमच्या कर्जाला ती लागू होत नाही. फ्लॅटची कागदपत्रं बँकेत जमा करण्याआधी हे का, ते नीट समजून घ्या.

योजनेचं नाव नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर, सगळे एनएचएससी म्हणतात. १९७२ पासून आहे आणि एचआरएसए हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आरोग्यसेवेचं खातं ती चालवतं. दंतवैद्याने पूर्णवेळ दोन वर्षं दिली तर ५०,००० डॉलरपर्यंत, अर्धवेळ दिली तर २५,००० पर्यंत रक्कम मिळते. या रकमेवर तिकडच्या केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही. फॅमिली मेडिसिन, बालरोग अशा प्राथमिक उपचारांच्या डॉक्टरांसाठी पूर्णवेळची मर्यादा अलीकडे ७५,००० केली आहे. फिजिओथेरपिस्ट या यादीत नाहीत. ठाण्याहून बरेच जण तेही विचारतात म्हणून सांगितलं.

आता दोन अटी बघा. पहिली, अर्जदार अमेरिकेचा नागरिक हवा. ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) असून चालत नाही, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा तर दूरच. दुसरी, कर्ज देणारी संस्था अमेरिकेच्या केंद्र किंवा तिथल्या राज्य सरकारच्या देखरेखीखाली कर्ज देणारी हवी. ऐरोलीच्या शाखेतून घेतलेलं शैक्षणिक कर्ज, मग बँक सरकारी असो की खाजगी फायनान्स कंपनी, यात बसत नाही.

नागरिकत्वाची अट ऐकल्यावर लोक म्हणतात, होऊ की नागरिक कधीतरी. तो "कधीतरी" मोजून बघा. डीडीएसची दोन ते तीन वर्षं. मग ओपीटीचे, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचे, १२ महिने; डीडीएस स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे इंजिनिअर मंडळींना मिळते ती जादा मुदत तुम्हाला नाही. मग एच-वन-बी. मग नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डची रांग, जी भारतात जन्मलेल्यांसाठी दशकाच्या वर गेली आहे. त्यानंतर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. बँकेचं कर्ज बहुतेक १५ वर्षांच्या मुदतीचं असतं. म्हणजे तुम्ही पात्र होईपर्यंत कर्ज तुम्हीच फेडून मोकळ्या झालेल्या असाल. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर ग्रीन कार्डनंतर साधारण तीन वर्षांत अर्ज करता येतो आणि चित्र बदलतं, पण तुमच्या बाबतीत तसं नाही.

म्हणून हिशेबाच्या तक्त्यात "सरकार भरेल" या ओळीसमोर शून्य लिहा आणि मग आकडे बघा. व्याजदर साडेदहा टक्के धरला तर दर एक कोटीमागे १५ वर्षांचा हप्ता महिना सुमारे १,१०,५०० रुपये आणि १० वर्षांचा सुमारे १,३५,०००. पूर्ण कोटी उचललेलं असेल तर शिकत असतानाच महिन्याला ८७,५०० रुपये नुसतं व्याज चढतं. दीड कोटीला याची दीडपट. कर्ज सत्रागणिक उचललं तर सुरुवातीला व्याज कमी बसतं, म्हणून पूर्ण रक्कम एकदम मागू नका. शिकत असताना निदान व्याज भरायची घरात ताकद आहे का, हे आईवडिलांशी मोकळेपणाने बोला. मोरॅटोरियममध्ये, म्हणजे शिकतानाच्या सवलतीच्या काळात, व्याज थांबत नाही, फक्त हप्ता थांबतो. वडील निवृत्तीला आले असतील तर हप्ता सुरू होईल तेव्हा त्यांची पेन्शन किती, हे बँक विचारायच्या आधी तुम्ही विचारा. सह-कर्जदार तेच आहेत.

फ्लॅटचंही बघून घ्या. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या लीजची असते, त्यामुळे तारणासाठी सिडकोची एनओसी लागते, सोसायटीची वेगळी. इमारत साडेबारा टक्के योजनेतल्या (प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या) प्लॉटवर असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. ओसी नसेल तर बँकेचा वकील तिथेच अडवतो, आणि ते तुम्हाला कळतं कॉलेजने फी भरायची तारीख दिल्यावर. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स-दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, मूल्यांकन आणि टायटल सर्च, हे सगळं व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. बँकेकडे मूळ कागद जमा केल्यावर ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोटीस दाखल करायची असते, ती विसरू नका. एक बरं झालंय: १ एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) लागत नाही. मात्र पैसे कर्जखात्यातून थेट गेले पाहिजेत. वडिलांच्या बचत खात्यातून फिरवून पाठवलेत तर ही सवलत दाखवताना अडचण येते.

एनएचएससीचा करार कसा असतो तेही सांगते, कारण पुढे कधी पात्र झालात तर याच करारात लोक अडकतात. आपल्याकडे कर्जमाफी म्हटलं की सरकारने पुसून टाकलेलं कर्ज डोळ्यांसमोर येतं. इथे तसं नाही, हा मोबदल्याचा करार आहे. टंचाई मोजायला एचपीएसए नावाचा गुणांक आहे, बोलताना "हिप्सा" म्हणतात. दातांसाठी तो ० ते २६, बाकी प्राथमिक उपचारांसाठी ० ते २५. गुण जास्त तितकी टंचाई जास्त, आणि पैसे वाटताना जास्त गुणांच्या ठिकाणांना आधी धरतात. नुसतं खेडं असून भागत नाही; शहरातल्या गरीब वस्तीतलं केंद्रही पात्र असतं, आणि खेड्यातला खाजगी दवाखाना मान्यतेअभावी बाहेर राहतो. नोकरीच्या ठिकाणाला एनएचएससीची मान्यता आधीपासून असावी लागते.

पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ४० तास, वर्षात किमान ४५ आठवडे. त्यातले बहुतेक तास खुर्चीजवळ, पेशंटवर प्रत्यक्ष उपचारात हवेत. ऑफिसच्या कामाला थोडीच मुभा. एका आठवड्यात ५० तास केले म्हणून पुढच्या आठवड्याला ३० चालत नाहीत. सुट्ट्या, आजारपण, भारतवारी मिळून वर्षाला सात आठवड्यांच्या वर गेलं की सेवेची तारीख पुढे सरकते. पैसे सुरुवातीलाच हातात येतात, पण ते कर्जातच भरले याचा पुरावा द्यावा लागतो.

करार मोडला तर काय होतं ते आकड्यांत बघा. ५०,००० घेतले, २४ महिन्यांपैकी १० बाकी असताना सोडलं. न दिलेल्या सेवेचे २०,८३३ डॉलर परत, शिवाय बाकी प्रत्येक महिन्याला ७,५०० प्रमाणे ७५,०००, मिळून ९५,८३३ आणि वर व्याज. घेतले त्याच्या जवळजवळ दुप्पट. बाकी कितीही कमी असलं तरी ३१,००० डॉलरच्या खाली वसुली येत नाही. नवऱ्याची बदली, बाळंतपण, वडिलांचं आजारपण या गोष्टी होतच असतात. स्थगितीसाठी अर्ज करता येतो, पण तो नोकरी सोडायच्या आधी करायचा.

बाकी योजना थोडक्यात. नर्सेससाठीच्या नर्स कोअरमध्ये ग्रीन कार्ड चालतं, पण शिक्षण अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त नर्सिंग कॉलेजातलं हवं, भारतातलं बीएससी नर्सिंग नाही. पीएसएलएफ, म्हणजे सरकारी किंवा ना-नफा नोकरीत १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ, ही फक्त अमेरिकी केंद्र सरकारच्या डायरेक्ट कर्जांना आहे, आणि ती कर्जं एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या, विद्यार्थ्याला मिळत नाहीत.

आता यजमानांचं. कन्सल्टंटने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत असं दिसतं. जे-वन या प्रशिक्षणाच्या व्हिसावर रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरला नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ही अट उठवण्यासाठी कॉनराड ३० कार्यक्रम आहे: प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, टंचाईच्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ, एच-वन-बीवर. टंचाईचा भाग दोन्हीकडे आहे म्हणून गोंधळ होतो, पण यात मिळते ती राहण्याची परवानगी, कर्जाचा एक डॉलरही नाही. आणि कॉनराड फक्त वैद्यकीय डॉक्टरांसाठी, दंतवैद्यांसाठी नाही.

तुमच्या घरासाठी यात एक उपयोगाची गोष्ट आहे. यजमान जे-वनवर आले तर तुम्ही जे-टूवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, येता. जे-टूवर शिकता येतं, आणि वर्क परमिट काढून नोकरीही करता येते. म्हणजे त्यांची रेसिडेन्सी आधी लागली तर घरात पगार सुरू झाल्यावर तुम्ही प्रवेश घेऊ शकता आणि कर्ज दीड कोटीवरून बरंच खाली येतं. अडचण एवढीच की मायदेशी परतायची दोन वर्षांची अट तुम्हालाही लागते आणि त्यांचा वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, होईपर्यंत तुम्हाला एच-वन-बीवर जाता येत नाही. माझं मत विचाराल तर मी हा क्रम आधी तपासला असता. काही राज्यांत जीपीआर किंवा एईजीडी ही दंतवैद्यांसाठीची स्टायपेंडची रेसिडेन्सी करूनही परदेशी बीडीएसला लायसन्स मिळतं. फीचा डोंगर टाळायचा असेल तर तोही रस्ता बघा, फक्त त्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात जाणं अवघड होतं.

आधी तुम्हीच आलात तर डीडीएसनंतर टंचाईच्या भागातल्या आरोग्य केंद्रांकडे जरूर अर्ज करा. काम मनापासून करण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं दात न दाखवलेले पेशंट तिथे येतात. मुलाखतीत तीन प्रश्न थेट विचारा. एच-वन-बी लॉटरीशिवाय (अर्जांच्या सोडतीत न जाता) देऊ शकता का? त्यासाठी केंद्र नुसतं ना-नफा असणं पुरत नाही, विद्यापीठाशी संलग्नता वगैरे लागते. कर्जफेडीला स्वतःकडून काही देता का? नोकरी देणारा वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकतो, पण कर्ज शिक्षणासाठीचं आणि तुमच्या नावावरचं हवं. म्हणून ऐरोलीत कर्ज काढताना मुख्य कर्जदार तुम्ही आणि सह-कर्जदार वडील, उलट नको. आणि मुदतीआधी सोडल्यास किती भरावं लागेल, हे कराराच्या कुठल्या कलमात आहे? विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जायचा, म्हणजे स्टेटस बदलाचा, अर्ज चालू असताना भारतात येऊ नका, नाहीतर तुम्ही देशाबाहेरच्या धरल्या जाल. २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलरचं शुल्क लावलं आहे, आणि असा खर्च आरोग्य केंद्र उचलेल असं धरू नका.

शेवटचं, बँकेकडून प्रत्येक सत्राच्या वेळी वितरणाचं पत्र इंग्रजीत घ्या: तारीख, रक्कम, कॉलेजचं नाव, तुमचं नाव. सगळी एका फाइलमध्ये ठेवा. पुढे कर्ज अमेरिकेतल्या बँकेकडे वळवायचं झालं तर मूळ कर्ज निव्वळ शिक्षणाचं होतं हे याच कागदांवरून ठरतं, आणि त्यात घराचं किंवा गाडीचं कर्ज एकदा मिसळलं की ते नवं कर्ज शैक्षणिक धरत नाहीत.