जुनी टर्म पॉलिसी सोडून नवी घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. मिस्टरांनी २०१८ मध्ये ५० लाखांची टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा जीवन विमा) घेतलीये, हप्ता एकदाही चुकला नाही. आता सोसायटीतलेच एक एजंट काका मागे लागलेत की ती सोडा आणि दुसऱ्या कंपनीची १ कोटीची घ्या. मिस्टरांना गेल्या वर्षीपासून शुगरची गोळी चालू आहे, तर काका म्हणे फॉर्मवर लिहू नका, तीन वर्षं गेली की कोणी विचारत नाही. खरंय का हे?

उत्तर : ताई, तीन वर्षांचं खरंय, पण पहिल्या तीन वर्षांत काही झालं तर काय हे काकांनी सांगितलेलं दिसत नाही. विमा कायद्याचं कलम ४५ आहे, त्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं उलटली की कंपनीला कुठल्याच कारणाने, अगदी फसवणूक म्हणूनही, पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. तुमची ती मुदत २०२१ मध्येच संपली, आणि शुगर नंतर आली त्यामुळे जुन्या पॉलिसीला तिचा काही संबंधच नाही. नवी घेतली की मीटर परत शून्यावर! आणि त्या तीन वर्षांत क्लेम आला की कंपनी जुने रिपोर्ट, केमिस्टची बिलं सगळं उकरून काढते. जुनी लॅप्स करून (म्हणजे हप्ता न भरता बंद पडू देऊन) नंतर रिव्हाइव्ह, म्हणजे परत चालू केली तरी तीन वर्षं नव्याने मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

माझ्या मेहुण्याचा फॉर्म एजंटने अमृततुल्यमध्ये चहा पिता पिता भरला होता, सगळीकडे 'नाही' 'नाही' टिक, आणि ह्या पठ्ठ्याला बीपी दहा वर्षांपासून. नशीब सही करायच्या आधी बायकोने वाचला.

कव्हर कमी वाटत असेल तर जुनी चालू ठेवून वरच्या ५० लाखांची वेगळी घ्या, शुगर लिहा, जुनी पॉलिसी आहे हेही लिहा (ते लपवलं म्हणूनही क्लेम अडकतात). हप्ता थोडा जास्त लागेल, लागू दे. हेल्थ पॉलिसीत पोर्टिंग असतं, म्हणजे कंपनी बदलली तरी झालेला वेटिंग पिरियड (आधीच्या आजारांना कव्हर मिळण्याआधी थांबायचा काळ) सोबत येतो, टर्मला तसलं काही नाही. नवी पॉलिसी आली की फॉर्मची कॉपी तिला जोडलेली असते ती मिस्टरांना स्वतः वाचायला लावा, काही चुकीचं दिसलं तर ३० दिवसांत परत करता येते, आणि तोवर जुनीचा हप्ता थांबवू नका.