उशाशी ठेवलेला फोन

"खुन्याची वकिली करता करता माझ्यातलंच काही मेलंय का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांनी विचारलं. समुपदेशक म्हणून फौजदारी वकिलांकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलेय. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई चाळिशीच्या आतल्या. सत्र न्यायालयाने फाशी दिलेल्या अशिलाचं उच्च न्यायालयातलं अपील त्यांच्याकडे होतं. बळी गेलेली मुलगी आठ वर्षांची, त्यांची लेकही तेवढीच. पंचनाम्यात लाल रिबनीचा उल्लेख होता. तो वाचल्यापासून त्यांनी लेकीची वेणी घालणं सोडलं. "सासूबाई घालतात. सकाळी मला घाई असते असं सांगितलंय."

पहिल्या भेटीत मी चूक केली. तुमचं काम घटनेला धरून आहे, हे पटवत बसले. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं! १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ज्या सहा जणांना फाशीच योग्य ठरवली, त्यांना २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने निर्दोष सोडलं, तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. सगळं तोंडपाठ. झोप मात्र नाही.

दुसऱ्या भेटीत कळलं की फोन मोठ्या आवाजावर उशाशी असतो. "रात्री काही झालं तर?"

"मला तुमचा कायदा येत नाही," मी म्हटलं. "काय काय होऊ शकतं, या कागदावर लिहा."

त्या वकिली अक्षरात लिहीत गेल्या. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी होत नाही. मग सर्वोच्च न्यायालय. मग फेरविचार याचिका, तीही २०१४ पासून तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात. मग दयेचा अर्ज. तो फेटाळल्याचं कळवल्यावरही निदान १४ दिवस. कागद संपत आला तशी लेखणी मंदावली. "म्हणजे आज रात्री फोन येणारच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्या रात्री फोन बैठकीच्या खोलीत गेला.

रिबनीचं दुखणं वेगळं होतं. दुसऱ्याच्या वेदनेचे कागद महिनोन् महिने वाचणाऱ्यालाही आघात होतो. आम्ही त्याला दुय्यम आघात म्हणतो. काही मरतं म्हणून हे होत नाही, जिवंत असतं म्हणून होतं. त्यात शिक्षा सौम्य व्हावी म्हणून अशिलाचं बालपणही त्यांनाच धुंडाळायचं होतं. तिसरीत सुटलेल्या शाळेचा दाखला काढायला त्या स्वतः गेल्या होत्या. दोन मुलं एकाच फायलीत, आणि गोपनीयतेमुळे घरी बोलायची सोय नाही.

आम्ही एवढंच ठरवलं: फोटो फक्त ऑफिसात, दिवसा, ज्युनिअर सोबत असताना, फाईल घरी न्यायची नाही, आणि अशीच प्रकरणं लढणाऱ्या एका ज्येष्ठ वकीलबाईंशी आठवड्यातून एकदा बोलायचं, खटल्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. नवऱ्यालाही "आज जड गेलं" एवढं सांगता येतंच की. त्यात कुठल्या अशिलाचं गुपित फुटतं?

पाचव्या भेटीला अपिलाची तारीख पुन्हा पुढे गेली होती. जाता जाता त्या म्हणाल्या, काल वेणी घातली. रिबन नाही, अजून नको. साधं काळं रबर.