वडिलांच्या खात्यात आलेले हप्ते आणि बहिणीचं हक्कसोडपत्र

प्रश्न : माझे वडील सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. सातबारा त्यांच्याच नावावर होता. नंतरही पीएम किसानचे दोन हप्ते त्यांच्या खात्यात आले, ते आईने एटीएममधून काढले. आता ६,००० रुपये परत भरा, अशी तहसीलची नोटीस आली आहे. वारस नोंद गेल्या वर्षी झाली. आई, मी आणि लग्न झालेली बहीण अशी तिघांची नावं लागली. मी स्वतः अर्ज केला, तर ‘जमीन २०१९ नंतर नावावर’ म्हणून नामंजूर झाला. बहिणीने हक्कसोडपत्र दिल्याशिवाय हप्ता मिळणार नाही, असंही सांगतात. काय करू? – एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : आधी बहिणीचं. तिला कुठल्याही कागदावर सही करायला लावू नका. या योजनेसाठी हक्कसोडपत्राची गरज नाही. एकाच गटावर अनेक नावं असली, तरी प्रत्येक स्वतंत्र कुटुंब आपापल्या परीने पात्र ठरतं, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अठरा वर्षांखालची मुलं. म्हणजे तुमचं कुटुंब वेगळं, आईंचं वेगळं. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. लग्नाने तिचा हिस्सा जात नाही. एकदा हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं की ते सहजासहजी फिरवता येत नाही. वर्षाच्या ६,००० रुपयांसाठी बहिणीची जमीन काढून घेण्याचा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. तिच्या नवऱ्याला ही मदत मिळत नसेल आणि ती इतर अटींत बसत असेल, तर तिनेही अर्ज करावा.

आता नोटीस. ही मदत हयात शेतकऱ्यासाठी आहे, ती वारसांकडे आपोआप येत नाही. त्यामुळे मृत्यूनंतर आलेले पैसे परत करावे लागतील. पण रक्कम तपासा. वडिलांचं पासबुक भरून घ्या. ९ ऑगस्ट २०२१ चा हप्ता ते हयात असताना आलेला आहे, तो त्यांच्या हक्काचा. १ जानेवारी आणि ३१ मे २०२२ चे दोन हप्ते मात्र नंतरचे. पुढे ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) न झाल्याने पैसे थांबले असावेत. नोटिशीत ऑगस्टचा हप्ताही धरलेला दिसतो. तसं असेल तर देणं ४,००० रुपयांचं आहे. मृत्यूचा दाखला आणि पासबुकाची प्रत जोडून तसं लेखी उत्तर द्या, ४,००० भरा, पावती जपून ठेवा. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. आईंनी घर चालवण्यासाठी, आपलाच हक्क समजून पैसे काढले, हेही उत्तरात स्पष्ट लिहा. त्या घाबरल्या असतील, तर त्यांना धीर द्या. वडिलांचं खाते अजून चालू असेल, तर बँकेला मृत्यू कळवून ते बंद करा.

तुमचा अर्ज नामंजूर करण्याचं कारण मला चुकीचं वाटतं. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेणाऱ्याला किंवा बक्षीसपत्राने मिळालेल्याला योजना दार बंद करते, पण मालकाच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. तुमच्या अर्जाला बहुधा याचाच पुरावा जोडलेला नसावा. त्या तारखेला जमीन वडिलांच्या नावावर होती हे दाखवणारा जुना सातबारा, वारस नोंदीचा फेरफार आणि मृत्यूचा दाखला हे तीन कागद लावून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पुन्हा अर्ज द्या. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) काढला नसेल, तर आधी काढा. तुमच्या कुटुंबात कुणी आयकर भरत असेल किंवा सरकारी नोकरीत असेल, तर मात्र हा मार्ग बंद आहे. चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी त्याला अपवाद.

मागच्या वर्षांचे हप्ते मागण्यात वेळ घालवू नका. मंजुरी मिळाल्यावर राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला आणखी ६,००० रुपयेही त्याच यादीवरून मिळतात, त्यामुळे आताची धावपळ सोडू नका.

नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या. त्याआधी सातबाऱ्यावर वसुलीचा बोजा चढवला, तर तुमचं म्हणणं न ऐकता कारवाई झाली, हा मुद्दा धरून जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागा. फेरफाराची प्रत तेव्हाही लागेल, तिच्या दोन प्रती आजच काढून ठेवा.