अमेरिकेत (न्यू जर्सी) घराचे हप्ते झेपत नाहीयेत. फोरक्लोजर (बँकेने घर जप्त करून विकणं) व्हायच्या आधी घर बँकेला देऊन टाकता येतं का? आणि हे कर्ज बुडवणं झालं का?

देता येतं. डीड इन ल्यू म्हणतात त्याला, म्हणजे जप्तीऐवजी घराचा मालकीहक्क आपणच बँकेच्या नावे करून द्यायचा, आम्ही 2010 मध्ये तेच केलं. खरं तर एवढ्यावर उत्तर संपतं, पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण माझा मोठा भाऊ इतकी वर्षं मला तेच ऐकवतोय.

आमचं घर ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला. 2006 ला घेतलं, म्हणजे भाव पार टोकाला असताना, 3 लाख 10 हजार डॉलरला. 2010 मध्ये आमच्याच गल्लीत अगदी तसंच घर दीड लाखाच्या आत गेलं. त्यात बायकोचा जॉब गेला, माझा पगार कापला, तरी सेव्हिंग मोडून मोडून हप्ते भरत राहिलो. शेवटी बँकेला फोन केला तर म्हणे आधी शॉर्ट सेलला लावा, म्हणजे बँकेच्या परवानगीने कर्जापेक्षा कमी किमतीत विका. लावलं. जी ऑफर आली ती बँकेलाच पटली नाही. मधल्या काळात हार्डशिप लेटर (हप्ते का झेपत नाहीत ते सांगणारं पत्र), पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न सगळं पाठवायचं आणि काही दिवसांनी तेच सगळं परत पाठवायचं, कारण फाइल आता दुसऱ्याच कुणाकडे गेलेली.

त्या काळात लोक घर सोडताना एसीचं युनिट, पंखे, तांब्याचे पाइपसुद्धा उचकटून न्यायचे, त्यामुळे बँकेचा माणूस कॅमेरा घेऊन खोलीखोलीतून फिरला. पॅन्ट्रीत मी देवांसाठी एक फळी ठोकली होती, देव कधीच बॉक्समध्ये गेले होते, ती फळी काढायला लागलो तर म्हणाला राहू द्या, भिंतीला लागलंय ते घराचं. किल्ल्या, गॅरेजचे रिमोट, मेलबॉक्सची बारकी किल्ली सगळं ओट्यावर मांडून त्याचाही फोटो काढला. नियम नुसतं झाडून द्यायचा होता, बायकोने लादी पुसून दिली. तेव्हा ओबामा सरकारची हाफा नावाची स्कीम नुकतीच सुरू झाली होती, त्यातून सामान हलवायला 3000 डॉलर मिळाले.

आता दादा. "आपल्या घराण्यात कुणी कर्ज बुडवलं नाही," हे वाक्य लग्नकार्यात, पंगतीत, परक्या लोकांसमोर. अरे, बँकेने कर्ज देताना घर तारण घेतलं ना, स्वतःचा माणूस पाठवून किंमत काढली ना, मग पैसे नाहीत तेव्हा ते तारण सरळ हातात दिलं, आणि बाकी काही मागणार नाही असं बँकेनेच लिहून दिलं, यात बुडवलं कुठे? त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉक या बड्या कंपन्यांनी स्टायव्हेसंट टाउन ही वसाहत, अकरा हजारांवर फ्लॅट्स, 540 कोटी डॉलरला घेतलेलं, कर्ज देणाऱ्यांच्या हवाली केलं, त्यांना कुणी घराणं विचारलं नाही. आणि खुद्द दादाने 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत 75 टक्के भरून 25 टक्के सूट घेतली, तेव्हा घरी पेढे आले होते. शेतकऱ्याला माफी देऊ नये असं मी अजिबात म्हणत नाहीये, घ्यावीच. पण मग मला शिकवू नको.

बरं, कामाचं. डीडवर सही करायच्या आधी सोबतचं अॅग्रीमेंट वाचा, त्यात उरलेली रक्कम माफ असं स्वच्छ लिहिलेलं पाहिजे. फोनवर कुणी गोड बोललं त्याला शून्य किंमत. ॲरिझोनात साध्या राहत्या घरावर फोरक्लोजर झालं तरी बँक सहसा उरलेल्यासाठी मागे लागू शकत नाही, न्यू जर्सीत लागू शकते, म्हणून तुम्हाला हा कागद आमच्यापेक्षा जास्त गरजेचा. घरावर दुसरं कर्ज किंवा होम इक्विटी लाइन (घराच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज) असेल तर पहिली बँक बहुतेक नाहीच म्हणेल, आमच्या शेजाऱ्याचं तिथेच अडलं. एचओएची, म्हणजे घरांच्या सोसायटीची, बाकी असेल तर तीही आधी मिटवा. क्रेडिट रिपोर्टवर 7 वर्षं राहतं, स्कोअर फोरक्लोजरइतकाच पडतो म्हटलं तरी चालेल, फरक नंतर कळतो: फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्था) नियमाने पुढचं घर 4 वर्षांनी घेता येतं, फोरक्लोजर असेल तर 7.

माफ झालेली रक्कम टॅक्सवाले उत्पन्न धरतात, 1099-सी नावाचा फॉर्म येतो. आम्हाला 2007 च्या कायद्याने सूट मिळाली, ती राहत्या घरालाच होती आणि मुदतीची होती, तुमच्या वर्षाचं सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, विचारा. आणि मी वकील नाही, सहीच्या आधी एक वकील गाठाच, फुकट सल्ला हवा तर हड या सरकारी गृहखात्याने मान्यता दिलेले हाउसिंग काउन्सेलर असतात. हे वाचून भारतात कुणी बँकेत किल्ल्या नेऊन देऊ नका, तिथे लिलावात कमी आले तर उरलेलं तुमच्याच डोक्यावर राहतं.

तुमच्याकडे फोरक्लोजर कोर्टातून होतं, वेळ खातं, म्हणजे बँकेलाही घाई असते. तुम्ही करू नका, माफीचा कागद हातात येईपर्यंत ताणा. आणि गावी भाऊबिऊ असेल तर सगळ्या सह्या झाल्यावर सांगा.