बेलफास्ट कराराच्या स्मरणदिनी बोलणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. बेलफास्टमध्ये शिकत असताना १० एप्रिलच्या स्मरण कार्यक्रमात बोलण्याचा मान तुला मिळाला, हे वाचून मनापासून आनंद झाला. भाषणाचा आराखडा मी दोनदा वाचला. त्यात उत्तर आयर्लंडमधला तीस वर्षांचा हिंसक संघर्ष मिटवणारा करार झाला तो १९९८ चा गुड फ्रायडे आहे, ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर आणि आयर्लंडचे पंतप्रधान अहर्न यांच्या स्वाक्षऱ्या आहेत, आयर्लंडशी एकीकरण हवे असलेल्या राष्ट्रवाद्यांचे नेते ह्यूम आणि ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्टांचे नेते ट्रिंबल यांना मिळालेले शांततेचे नोबेल आहे. पण या शांततेची किंमत कोणी मोजली, हे कुठेच येत नाही. माझ्या मते भाषणाचा कणा तोच असावा.

करारातील कैद्यांच्या सुटकेचे कलम मुळातून वाच. शस्त्रसंधी पाळणाऱ्या सशस्त्र संघटनांच्या कैद्यांना दोन वर्षांत सोडायचे ठरले आणि त्याप्रमाणे चारशेहून अधिक जण बाहेर आले. ज्या बाईच्या नवऱ्याला घराच्या दारात गोळी घातली गेली, तिला मारेकऱ्याची शिक्षा अपुरी राहिलेली पाहावी लागली आणि पुढे बाजारात तो समोर येण्याची धास्तीही बाळगावी लागली. सुमारे साडेतीन हजार मृत्यूंनंतर हिंसा थांबवण्यासाठी हे कलम अपरिहार्य होते, असेच मी मानतो. मात्र त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हे तू स्पष्टपणे सांगायला हवेस. २२ मेच्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमधील ७१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. नकार देणाऱ्या सर्वांना शांततेचे शत्रू ठरवू नकोस, कारण त्यांत अशी घरेही होती.

नेत्यांनीही किंमत मोजली. आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्याशी बोलणी केली म्हणून ह्यूम यांच्यावर टीकेची झोड उठली, तर ट्रिंबल यांचा पक्ष आतून फुटत गेला. २००३ च्या निवडणुकीत दोघांचेही पक्ष मागे पडले आणि २००७ मध्ये सत्तेवर एकत्र आले ते कराराला कडाडून विरोध केलेले युनियनिस्ट नेते पेझली आणि आयआरएचे माजी कमांडर मॅकगिनेस. हा भाग घाईत उरकू नकोस.

वादाला केवळ कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण म्हणून मोकळी होऊ नकोस. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांची आखणी अशी केलेली होती, की नगरपालिका बहुतांश प्रोटेस्टंट असलेल्या युनियनिस्टांच्याच हाती राहावी. घरे, नोकऱ्या आणि मताधिकार यांवरून १९६८ मध्ये लोक रस्त्यावर आले, ते धर्मतत्त्वांच्या वादासाठी नव्हे. म्हणूनच कराराने श्रद्धेला हात न लावता, ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आणि बहुमताच्या संमतीशिवाय ब्रिटनचा भाग म्हणून प्रदेशाचे स्थान बदलणार नाही, अशी हमी दिली. एवढ्या कटू संघर्षानंतर ‘दोन्ही’ला जागा ठेवणे मला या कराराचे सर्वांत मोठे धाडस वाटते.

बोलण्याआधी एका संध्याकाळी कॅथलिक फॉल्स आणि प्रोटेस्टंट शँकिल या वस्त्यांना वेगळे करणाऱ्या भिंतीपाशी जाऊन ये. तिथली काही फाटके आजही रात्री बंद होतात. २०२३ मध्ये कराराची पंचविशी साजरी झाली तेव्हा त्याच करारातून जन्मलेली विधानसभा ठप्प होती आणि ती २०२४ च्या फेब्रुवारीतच पुन्हा सुरू झाली, हेही भाषणात येऊ दे. ऑगस्ट १९९८ मधील ओमा गावातील बॉम्बस्फोटाचा उल्लेख करशील तेव्हा २९ मृतांबरोबर जुळ्यांची आई होऊ घातलेल्या स्त्रीच्या न जन्मलेल्या बाळांचीही आठवण ठेव. तिथले लोक ठेवतात. श्रोत्यांमध्ये ज्यांचे कोणी गेले आहे अशी माणसे असतीलच, म्हणून टाळ्यांसाठी थांबण्याच्या जागा मसुद्यातून काढून टाक आणि सुधारलेला मसुदा मला पाठव.

तुझा,
जुना शिक्षक