‘तारीख’मध्ये तारा नाही, चंद्र आहे

प्रश्न असा आला आहे: पूर्वी लोक तारे बघून दिवस मोजत, म्हणून ‘तारा’वरून ‘तारीख’ शब्द आला, हे खरं का?

खरं नाही. ‘तारा’ संस्कृत आणि ‘तारीख’ अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. दोघांचं काही नातं नाही. पण विचारणाऱ्याची नजर आभाळाकडे गेली ते योग्यच झालं. या शब्दात आभाळ आहे, फक्त ताऱ्याच्या जागी चंद्र आहे.

अरबी ‘तारीख’मधला ‘ता’ मूळ धातूचा नव्हे, तो नाम घडवताना पुढे लागतो. ‘इल्म’वरून ‘तालीम’, ‘हासिल’वरून ‘तहसील’ झाले, तोच हा साचा. ‘ता’ बाजूला काढला की उरतात ‘अ-र-ख’ किंवा ‘व-र-ख’ ही व्यंजनं. आता अरबीच्या नात्यातल्या भाषांमधली याची भावंडं पाहा. आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनच्या भाषेत ‘वर्खुम’ म्हणजे महिना. हिब्रूत ‘यारेअख’ म्हणजे चंद्र. इथिओपियाच्या प्राचीन गीझ भाषेत ‘वर्ख’ म्हणजे चंद्रही आणि महिनाही. तारीख लिहिणं म्हणजे मुळात ‘कुठल्या चंद्राचा कितवा दिवस’ हे लिहिणं.

गंमत म्हणजे तुमच्यासारखी अटकळ जुन्या अरबी ग्रंथकारांनीही केली होती. फारसी ‘माह-रोज’, म्हणजे महिना-दिवस, याचं अरबी रूप म्हणजे तारीख, असं ते सांगत. आज ती व्युत्पत्ती कुणी धरत नाही, पण त्यांनाही त्या शब्दात चंद्रच दिसला होता, कारण ‘माह’ म्हणजे चंद्र. आपला ‘महिना’ त्या ‘माह’चाच, आणि संस्कृत ‘मास’ त्याचा सख्खा भाऊ.

चंद्रावर महिने मोजले की एक अडचण हमखास येते. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात सुमारे ३५४, म्हणजे ऋतूंच्या वर्षाला अकरा कमी. बाबिलोनमध्ये संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली की नवा महिना लागायचा आणि नवं वर्ष हळूहळू हंगामाच्या आधीच येऊ लागायचं. इसवी सनापूर्वीच्या १८व्या शतकातलं हम्मुराबी राजाचं एक पत्र मातीच्या पाटीवर टिकून आहे. आपल्या अधिकाऱ्याला तो कळवतो की वर्षात तूट आली आहे, तेव्हा उलूलू महिन्यानंतर येणारा महिना ‘दुसरा उलूलू’ म्हणून नोंदवावा. आणि लगेच पुढे: पुढच्या तश्रीतू महिन्याच्या २५ तारखेला बाबिलोनला पोचायचा तो कर या दुसऱ्या उलूलूच्या २५लाच पोचला पाहिजे! धोंड्याचा महिना आला म्हणून वसुली लांबायची नाही. मला हे पत्र फार आवडतं. ‘अधिक महिना’ कुणाला तरी हुकमाने घालावा लागे, हे त्यात डोळ्यांना दिसतं. पुढे बाबिलोनी ज्योतिषांनी १९ वर्षांत ७ अधिक महिने असं गणित बसवलं, तेव्हा हुकमाची गरज उरली नाही.

‘शिवजयंती तिथीने की तारखेने’ असं आपण म्हणतो तेव्हा तिथी चंद्राची आणि तारीख सूर्याची असं धरतो. फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी, १९ फेब्रुवारी ही तारीख. आजच्या वापरात ते बरोबरच आहे. पण ‘तारीख’ या शब्दाचं मूळ पाहिलं तर तिच्यातही चंद्रच आहे. ‘मिती’चं मात्र वेगळं, तिच्यात ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे.

‘तारीख’सारखंच आणखी एक उदाहरण जुन्या मराठी कागदपत्रांतल्या ‘शुहूर सन’ या कालगणनेचं. ‘शुहूर’ हे अरबी ‘शहर’चं अनेकवचन. हे ‘शहर’ म्हणजे गाव नव्हे, महिना, आणि त्याच्याही मुळाशी चंद्रच. पण सन चालायचा सूर्यावर. सूर्य मृग नक्षत्रात शिरला, शेतकरी पेरणीला लागला, की नवं साल सुरू. म्हणून त्याला ‘मृगसाल’ही म्हणत.